शिक्षकाची आवड आणि चित्रपटाची साक्ष

शाळेतील शिक्षकास त्याचा आवडता चित्रपट विचारला असता तो बहुधा आपल्या विषयाशी नाते सांगणाऱ्या चित्रपटाचे नाव घेतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील शिक्षकवर्गाच्या बोलण्यात मराठीच्या शिक्षकाकडून ‘संत तुकाराम’, इतिहासाच्या शिक्षकाकडून ‘रामशास्त्री’ आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकाकडून ‘दो आँखें बारह हाथ’ ही नावे ऐकू येतात. रसिकतेच्या दृष्टीने या तिन्ही निवडी निर्दोष आहेत; विचार करावयास हवा तो आवडीच्या कारणाचा. चित्रपट ‘विषयाला धरून आहे’ म्हणून तो आवडतो, असे सांगण्यात येते. या उत्तरात चित्रपटास साक्षीदाराचे स्थान दिलेले असते. वस्तुतः अध्यापनाच्या दृष्टीने चित्रपटाचे मोल तो विषयाला जेथे धरतो तेथे नसून जेथे सोडतो तेथे असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ‘संत तुकाराम’ घेऊ. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा ‘प्रभात’चा बोलपट 1936 साली प्रदर्शित झाला आणि 1937 च्या व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावर उभारलेले पद लोकांस इतके तुकोबांचे वाटले की, ते गाथेत शोधणारेही निघाले. पद अर्थातच शांताराम आठवले यांचे आहे. त्याच्या शेवटी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा नाही. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही अक्षररचनाही त्यात पाळलेली नाही. जुन्या वळणाची मोजकी रूपे आणि परिचित अध्यात्मविचार एवढ्याच सामग्रीवर कवीने सतराव्या शतकाचा प्रत्यय निर्माण केला, हे त्याचे यश होय. हे पद अभंग म्हणून वर्गात गाऊन दाखविणारा शिक्षक विद्यार्थ्यांस एक चुकीची माहिती देतो. तेच पद कर्त्याचे नाव न सांगता गाथेतील एका अभंगाशेजारी ठेवणारा शिक्षक त्यांस पाठचिकित्सेचा पहिला धडा देतो. पद एकच, परंतु शिक्षण भिन्न.

‘रामशास्त्री’ (1944) या ‘प्रभात’च्याच चित्रपटाविषयी सातारकरांस विशेष आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे, कारण रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्यानजीकच्या, कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुलीचे. गजानन जागीरदार यांची शीर्षकभूमिका व ललिता पवार यांची आनंदीबाई ज्याने पाहिली, त्याच्या मनात पेशवाईतील ती माणसे त्याच चेहऱ्यांनी वावरतात. नारायणराव पेशव्यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी झालेला खून वर्गात निघाला की ‘ध’चा ‘मा’ निघतोच. येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ‘धरावे’ यातील ‘ध’च्या जागी नुसता ‘म’ घातल्यास ‘मरावे’ असे अकर्मक रूप सिद्ध होते आणि आज्ञेचा अर्थच लोपतो. हत्येची आज्ञा होण्यास अक्षर पालटून शिवाय काना द्यावा लागतो. म्हणूनच आपली म्हण ‘ध’चा ‘म’ असे न म्हणता ‘ध’चा ‘मा’ असे म्हणते. आता मोडीत शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. अशा ओळीत नंतर एका कान्याला जागा कशी करावयाची, हे विद्यार्थ्याने स्वतः मोडी गिरवून पाहावे. तेवढ्याने आख्यायिका खरी की खोटी हे ठरणार नाही. परंतु आख्यायिका आणि कागद या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्यास कळेल, आणि इतिहासाच्या शिक्षकास याहून अधिक काय हवे?

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटास 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे, आणि चित्रपटामागील प्रेरणा त्याच तालुक्यातील स्वतंत्रपूरची. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधच्या संस्थानात तेव्हा आटपाडीचा समावेश होता. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली प्रजेस जबाबदार राज्यपद्धती दिली. त्याच काळात पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांची ही मुक्त वसाहत उभी राहिली. राजाने आपला अधिकार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविण्याच्या व्यापक प्रयोगाचे ते एक अंग होते.

चित्रपटात यातील काय उरले? एक ध्येयवादी जेलर, सहा कैदी आणि त्यांच्यावर खिळलेले दोन डोळे. संस्था गेली, व्यक्ती राहिली. जेलर शेवटी प्राण देतो आणि त्याची नजर कैद्यांच्या अंतःकरणात नांदते. कलाकृतीस हे शोभते. नाट्यास नायक लागतो, घटनेच्या कलमांवर नाट्य उभे राहत नाही. परंतु नागरिकशास्त्राचा शिक्षक हा चित्रपट ‘सुधारणेचा आदर्श’ म्हणून दाखवून थांबला, तर ‘एक सज्जन अधिकारी आला की सर्व सुरळीत होते’ एवढाच पाठ विद्यार्थी घेऊन जातो. तो पाठ लोकशाहीच्या नेमका उलट आहे. औंधचा प्रयोग सांगतो की, सज्जनाने आपला अधिकार नियमांत बांधून इतरांच्या हाती दिला पाहिजे. शिवाय चित्रपट हिंदीत असून त्यात आटपाडीचे नाव नाही. त्यामुळे आटपाडीच्या मुलासही ही आपल्या गावाची कथा आहे हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. ते सांगणे हे शिक्षकाचेच काम होय.

यावर असा आक्षेप येईल की, अशा चिकित्सेने चित्रपटाचा आनंद नासतो. तसे होण्याचे कारण नाही. आठवल्यांचे पद त्यांचे म्हणून ऐकल्याने बेसूर होत नाही. उलट त्यामागील कसब लक्षात येऊन आनंदात भरच पडते. नासते ती केवळ शिक्षकाची सोय, कारण साक्षीदार मानलेला चित्रपट त्याच्या वतीने बोलतो, तर पाठ म्हणून घेतलेल्या चित्रपटापुढे त्यास स्वतः बोलावे लागते. तेव्हा आपल्या आवडत्या चित्रपटाचे नाव सांगताना शिक्षकाने तो आपल्या विषयापासून कोठे दूर जातो हेही सांगावे. ज्यास ते स्थळ दाखविता येते, त्याने तो चित्रपट वर्गात अवश्य न्यावा.