‘दिवास्वप्न’मधील शिक्षक आणि कृतिशील अध्ययन : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांचे ‘दिवास्वप्न’ हे मूळ गुजराती पुस्तक कथारूप असले तरी शिक्षणशास्त्रीय ग्रंथ म्हणूनच वाचले जाते. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो, एवढेच त्याचे कथानक आहे. विद्यार्थ्यांच्या कृतिशील अध्ययनास शिक्षक नेमका कसा आधार देतो, या दृष्टीने या कृतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अपयशाचे शैक्षणिक मोल :
प्रयोगाचा आरंभ अपयशाने होतो, ही या कृतीची सर्वांत अर्थपूर्ण बाब होय. पहिल्या दिवशी योजलेला शांततेचा खेळ गोंगाटात विरून जातो. लक्ष्मीराम मुलांना सुट्टी देतो आणि मुख्याध्यापकांची नाराजी ओढवून घेतो. ग्रंथांतून उचललेली पद्धत समोरच्या मुलांना लागू पडत नाही, हे त्याला येथे उमगते. दोष मुलांना न देता तो योजना बदलतो आणि कथेकडे वळतो. शिक्षकाच्या आधाराचा पहिला अर्थ येथे स्पष्ट होतो : मुलांचे निरीक्षण करून स्वतःची पद्धत दुरुस्त करणे.

कथेपासून वाचनापर्यंत :
कथा ही येथे करमणूक नाही, ती पायरी आहे. ऐकण्याची गोडी लागल्यावर वाचनाची भूक निर्माण होते. ती भागविण्यासाठी पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. पुढे त्याच कथांची नाटके होतात. त्यांत पाठांतरापेक्षा मुलांच्या स्वतःच्या बोलण्याला वाव मिळतो. प्रत्येक टप्प्यावर शिक्षक साहित्य, वेळ आणि मोकळीक पुरवतो. कृती मात्र मुलांची राहते. उपक्रमांची केवळ रेलचेल म्हणजे कृतिशील अध्ययन नव्हे. एका कृतीतून दुसरीची गरज निर्माण व्हावी लागते, हा विचार येथे प्रभावीपणे व्यक्त झाला आहे.

मर्यादा :
तथापि, काही प्रश्न अनुत्तरित राहतात. कथन लक्ष्मीरामच करीत असल्याने प्रयोगाचे यश त्याच्याच नजरेतून दिसते. मागे पडणाऱ्या मुलाचा आवाज क्वचितच ऐकू येतो. शिवाय त्याला वरिष्ठांचे अभय लाभले आहे. असे अभय नसलेल्या, अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या दडपणाखाली असलेल्या शिक्षकाने काय करावे, याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे अध्ययनाचा पुरस्कार केला आणि प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले. परंतु कायदा परिस्थिती घडवू शकतो. चुकण्याची मुभा शिक्षकाला शाळेनेच द्यावी लागते.

या मर्यादेला एक उत्तर महाराष्ट्रातील कार्यात सापडते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंच्या सहकारी राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, बालशिक्षण गावाच्या अंगणात आणि आदिवासी पाड्यांवर नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा चालल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही भूमिका लक्ष्मीरामच्या चार भिंतींतील प्रयोगाच्या पुढची आहे.

निष्कर्ष :
‘दिवास्वप्न’ला तंत्रांची यादी समजून वाचल्यास कथा, खेळ व नाटक हेही नवे कर्मकांड ठरेल. त्याचे खरे सामर्थ्य शिक्षकाच्या वृत्तीत आहे. फसलेला पहिला दिवस लपवून न ठेवणारा शिक्षकच विद्यार्थ्याला चुकत शिकण्याचे धैर्य देऊ शकतो. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात या पुस्तकाचे वाचन यशकथा म्हणून नव्हे, तर फसलेल्या पहिल्या दिवसापासून सुरू व्हावे.