पांढरा शर्ट कोण धुणार?

मुलग्यांच्या कपड्यांवरच्या व्हिडिओंचा एक ठरलेला साचा आहे. आधी एक खचाखच भरलेलं कपाट दिसतं. त्यातले कपडे पलंगावर ढीग करून टाकले जातात. मग बेज रंगाचा टी-शर्ट घातलेला एक तरुण सांगतो की यातलं तुम्हाला जवळपास काहीच लागत नाही, लागतात फक्त दहा गोष्टी. पांढरा शर्ट, आकाशी शर्ट, एक काळा आणि एक पांढरा टी-शर्ट, गडद निळी जीन्स, बेज चिनोज, पांढरे स्नीकर्स, तपकिरी लोफर्स, घड्याळ आणि नेव्ही ब्लेझर. शेवटी तेच दहा नग तीस तऱ्हांनी घालून दाखवतात आणि खाली खरेदीच्या लिंका देतात. थंबनेलवर लिहिलेलं असतं, ‘कमी बजेटमध्ये पूर्ण वॉर्डरोब’.

गेले काही महिने मी हे व्हिडिओ ओळीनं पाहतोय. भाषा बदलते, चेहरा बदलतो, यादी बदलत नाही. नुकती नोकरी लागलेल्या, गाव सोडून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या पोरांसाठी ते बनवलेले असतात, आणि मी त्याच पोरांपैकी आहे. म्हणून त्यांची टिंगल करण्यात मला रस नाही. एखादी कादंबरी वाचून आपण विचारतो, यातला नायक कोण, तो राहतो कुठे, त्याच्या घरात काम कोण करतं? तेच प्रश्न मला या यादीला विचारायचे आहेत.

आधी श्रेय देतो. आपल्याकडे ‘कपडे बघत बसणं हे पोरींचं काम’ असं ऐकत पोरं मोठी होतात. आपल्या अंगाला काय शोभतं याबद्दल बोलायला त्यांच्याकडे शब्दच नसतात. हे शब्द या व्हिडिओंनी दिले. शर्टाची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपायला हवी, पँटचा घोळ बुटावर साचू नये, महाग पण ढगळ शर्टापेक्षा स्वस्त पण मापाचा शर्ट बरा, हे सगळं खरं आहे आणि यातलं बरंचसं फुकट आहे. एकच पँट आठवड्यात तीनदा घातली तर जग बुडत नाही, हेही त्यांनीच पोरांना सांगितलं. गडबड सुरू होते ती यादीपाशी.

या यादीला इतिहास आहे. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही कल्पना १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांच्या नावावर सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी १९८५ मध्ये ‘सेव्हन इझी पीसेस’ नावाचा संग्रह आणला. सकाळी ऑफिस आणि संध्याकाळी पार्टी असलेल्या शहरी, कमावत्या बाईला एकमेकांत मिसळून घालता येतील असे ते मोजके कपडे होते. करन स्वतः तसंच आयुष्य जगत होत्या. म्हणजे आधी आयुष्य होतं, त्यावरून यादी निघाली. आपल्यापर्यंत फक्त यादी आली, आयुष्य तिकडेच राहिलं.

आता ही यादी पुण्यातल्या एका खोलीत ठेवून पाहू. खोलीत तिघं राहतात, कॉट बेसिसवर. वॉशिंग मशीन नाही. सहा दिवस काम, रविवारी सुट्टी, म्हणून कपडे रविवारी बादलीत भिजतात. दोरी एकच आणि तीही वाटून घेतलेली. जून ते सप्टेंबर जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वाळली तरी तिला कुबट वास येतो.

आठवड्यातून एकदाच धुणं होणार असेल तर सहा दिवसांना सहा शर्ट लागतात. यादीत दोन शर्ट आणि दोन टी-शर्ट आहेत. म्हणजे दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामावरून दमून आल्यावर धुवायला बसायचं, नाहीतर घामाचा शर्ट पुन्हा चढवायचा. कमी कपड्यांत भागवणं ज्याच्याकडे मशीन आणि वाळत घालायला गॅलरी आहे त्यालाच परवडतं. ज्याच्याकडे ती नाही, त्याला जास्त कपडे लागतात. व्हिडिओ ज्याला साधेपणा म्हणतो, त्याच्यामागे एक सोयींनी भरलेलं घर उभं असतं. ते पलंगाच्या पलीकडे असल्यामुळे कॅमेऱ्यात येत नाही.

पांढऱ्या शर्टाचंही तेच. तो ‘कशावरही चालतो’ हे खरंच, पण त्याच्या कॉलरला पहिल्याच दिवशी काळी कड येते. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा दुचाकीवरून जाऊन तो पांढरा ठेवायचा तर कोणीतरी रोज कॉलर घासायला हवी. गावी असताना बहुतेकांच्या घरी ती आई घासते, नाहीतर बहीण. इतके व्हिडिओ पाहूनही मला धुणारा हात एकदाही दिसला नाही.

कापडाबद्दलचा उपदेश याच्या पुढचा. ‘सिंथेटिक टाळा, शुद्ध कॉटन घ्या, जमल्यास लिनन.’ उन्हाळ्यात हे पटतं. पण कॉटनला आणि लिननला इस्त्री लागते, आणि इस्त्रीला वीज, वेळ किंवा इस्त्रीवाल्याचे पैसे लागतात. चुरगळलेलं लिनन श्रीमंताच्या अंगावर निवांत दिसतं. नव्यानं रुजू झालेल्या पोराच्या अंगावर तेच गबाळं दिसतं आणि सुपरवायझर त्याला हटकतो. आपल्या वडिलांच्या पिढीनं टेरिकॉट डोक्यावर घेतलं, कारण ते लवकर वाळायचं, फारसं चुरगळायचं नाही आणि वर्षानुवर्षं टिकायचं. त्यांच्या धुण्याच्या आणि वाळवण्याच्या सोयींकडे पाहिलं तर ती निवड चोख होती.

मग येतो ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द. तीन हजारांचा शर्ट दीडशे वेळा घातला तर एका वेळेला वीस रुपये पडतात, सहाशेचा तीस वेळांत विटला तर त्याचेही वीसच पडतात, मग चांगलाच घ्या ना! भागाकार बिनचूक आहे. टेरी प्रॅचेट या इंग्रजी विनोदी कादंबरीकारानं १९९३ च्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये हाच हिशोब बुटांवरून मांडला होता, पण उलट्या बाजूनं. त्याच्या पोलीस कॅप्टनला ठाऊक असतं की पन्नास डॉलरचे बूट वर्षानुवर्षं टिकतात आणि दहा डॉलरचे लवकर झिजतात. फक्त त्याच्याकडे एकरकमी पन्नास नसतात, म्हणून आयुष्यभर तो जास्त खर्च करूनही ओल्या पायांनीच फिरतो. गरिबाला भागाकार येत नाही असं नाही. खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम गेल्यावर भाजक-भाज्य मांडायला हातात काही उरत नाही, इतकंच. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. सरकारनेसुद्धा महाग कपड्याची रेघ कुठेतरी ओढली आहे. ‘बजेट वॉर्डरोब’मधला बरा ब्लेझर बहुतेक वेळा त्या रेघेच्या पलीकडे असतो.

इथपर्यंतचे मुद्दे सोयीचे आणि पैशांचे आहेत. मला जास्त बोचतं ते या यादीतल्या चवीबद्दलचं.

बेज, नेव्ही, पांढरा. लोगो नको, भडक रंग नको, चमकणारं काही नको. या चवीला हल्ली ‘ओल्ड मनी’ म्हणतात, म्हणजे पिढीजात श्रीमंती. घराण्यातला जो पहिल्यांदाच पगार घेतोय, त्याला हे व्हिडिओ आजोबांपासून पैसा असल्यासारखं दिसायला शिकवतात, आणि शिकवताना त्याला ‘कालातीत’ म्हणतात. कालातीत म्हटलं की हे कोणाचं आणि कधीचं, हा प्रश्नच मिटतो.

अमेरिकेत जॉन मॉलॉयचं ‘ड्रेस फॉर सक्सेस’ १९७५ मध्ये आलं. त्यात रेनकोटच्या रंगांची गोष्ट आहे. मॉलॉयच्या पाहणीत बेज रेनकोट लोकांना उच्च मध्यमवर्गाचा वाटला आणि काळा निम्न मध्यमवर्गाचा. म्हणून वर चढायचं असेल तर बेज घाला, असा त्याचा सल्ला. सल्ला निर्दय आहे, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. लोक तुमचा वर्ग कपड्यांवरून वाचतात, तेव्हा वाचणाऱ्याला हवं ते लिहा, असं तो उघड सांगतो. आजच्या व्हिडिओत बेज तोच आहे, पण वर्ग हा शब्द गाळलेला आहे. त्यामुळे नारिंगी शर्ट आवडणाऱ्या पोराला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे, आपण ‘गावठी’ आहोत.

यावर कोणी म्हणेल, वरच्यांसारखे कपडे घाला हा सल्ला आपल्याकडेही दिला गेलाय, आणि तो फार मोठ्या माणसानं दिलाय. बरोबर आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितलं आणि जात ओळखू यावी असे दागिने टाकून द्यायला सांगितलं. बजेटच्या दृष्टीनं पाहा, नेसण बदलायला पैसे लागत नाहीत. पण खरा फरक वेगळा आहे. अंगावरचं हे नेसणं म्हणजे तुमच्यावर लादलेली खूण आहे, ती पुसा, असं बाबासाहेब सरळ सांगत होते. खूण कोणी लादली, कशासाठी लादली, हेही सांगत होते. व्हिडिओ मात्र खूण नाहीच म्हणतो, आहे ती फक्त चांगली आणि वाईट चव.

आणि बाबासाहेबांचा सूट पाहा. गांधींनी १९२१ मध्ये मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला. बाबासाहेबांनी कमी केलं नाही, पूर्ण सूट घातला आणि तो घालूनच लोकांसमोर उभे राहिले. महाराष्ट्रात गावोगावच्या पुतळ्यांत तो निळा सूट आहे. ज्याच्याकडे आधीपासून असतं, त्याचं सोडणं जगाला थोर दिसतं. ज्याला कधी मिळालंच नाही, त्यानं पहिल्यांदा घालणं हीच मोठी गोष्ट असते. पहिल्या पगाराच्या भडक शर्टाकडे, मोठ्या लोगोच्या टी-शर्टाकडे, फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेल्या नकली बुटांकडे मी या नजरेनं पाहतो. त्यातलं सगळंच सुंदर असतं असं नाही. पण ‘मी आलोय’ हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. ओल्ड मनीची यादी नेमकं तेवढंच वाक्य खोडायला सांगते.

मग नवे कपडे करायचेच असतील तर काय? टीका करणाऱ्यानं निदान एक हिशोब तरी मांडावा, म्हणून माझा मांडतो. बजेट सहा हजार.

व्हिडिओ कपाट रिकामं करून सुरुवात करतो, मी आधी घरचं कपाट उघडायला सांगेन. मराठी घरात लग्नामुंजीच्या आहेरातले शर्टपीस-पँटपीस वर्षानुवर्षं पडून असतात, या आहेरातून त्या आहेरात फिरत राहतात. त्यातले तीन शर्टपीस निवडा. आहेराचं कापड कधी चांगलं असतं, कधी फक्त खोका चांगला असतो, तेव्हा हातात चुरगाळून पाहा. ३६ इंची पन्ह्याचं सव्वादोन-अडीच मीटर कापड असेल तर शर्ट होतो. शिंप्याला तोंडी वर्णन न करता मापाला बसणारा एखादा शर्ट नेऊन द्या, नाहीतर तो त्याच्या सवयीनं ढगळ शिवेल. शिलाई साडेचारशे धरली तर १,३५० झाले. लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन गडद पँटी, शिलाईसकट २,२००. रस्त्यावरचे तीन तयार शर्ट चारशेप्रमाणे १,२००, त्यातला एक तरी तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या रंगाचा. पावसात चालणारी सँडल ६००. झाले ५,३५०. उरलेल्या साडेसहाशेत, नगाला दहा रुपये धरले, तर आठवड्याला सहा शर्टांची इस्त्री दोन-अडीच महिने चालते. रविवारी बादलीत सहाही शर्ट जातात, तेव्हा अंगात जुना टी-शर्ट असतो.

या कपड्यांचे तीस सुरेख फोटो निघणार नाहीत. शिंपी आठ दिवस म्हणून पंधरा लावेल, हेही गृहीत धरा. पण सोमवार ते शनिवार अंगात धुतलेला शर्ट असेल, आणि बुधवारी रात्री कोणाला कॉलर घासत बसावं लागणार नाही.

मला मराठीत असा एक व्हिडिओ पाहायचाय ज्यात यादी शेवटी येते. आधी तो विचारेल, तुमच्याकडे धुणं किती दिवसांनी होतं? कपडे कुठे वाळतात? इस्त्री कोण करतं, त्याचे पैसे तुम्ही देता का? तुमच्याकडे पाहून तुमची परीक्षा घेणारा माणूस कोण, आणि त्याच्यापुढे तुम्हाला पास व्हायचंय की नाही? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक खोलीत वेगळी निघतील, त्यामुळे यादीही वेगळी निघेल. त्यात बेज आला तरी माझी हरकत नाही. फक्त तो कुठून आलाय हे सांगून यावा.