तुरट शेवटाचा रस्सा

कोंबडीचा रस्सा जितका चांगला जमतो, तितका तो संपता संपत नाही. घोट गिळला तरी ओठ एकमेकांना चिकटतात, टाळूवर स्निग्ध थर बसतो आणि चौथ्या-पाचव्या घोटाला जीभ दमते. धडधाकट माणूस अशा वेळी लिंबू पिळतो, कांदा चावतो, भाकरीचा तुकडा मोडतो. तापातून उठलेल्या माणसाला यातलं काहीच सोसत नाही. त्याला पोटात ऊब हवी असते आणि तोंड मात्र लगेच मोकळं व्हायला हवं असतं. या दोन्ही गोष्टी एका वाटीत आणता येतात, हे मला चहाच्या पानांनी शिकवलं.

जपानमध्ये उरलेल्या भातावर गरम चहा ओतून खायची जुनी रीत आहे, तिला ओचाझुके म्हणतात. त्याआधी, हेइआन काळापासून, भातावर नुसतं गरम पाणी ओतत. चहा एदो काळात घरोघर पोचला आणि पाण्याची जागा त्याने घेतली. पुढे कुणी चहाऐवजी दाशी, म्हणजे जपानी रस्सा, ओतू लागलं, कुणी दोन्ही मिसळून. वर कोंबडीचे धागे घातले की ते तोरी चाझुके. मी त्याच वाटेने एक पाऊल पुढे जाते. चहा वेगळा करून रस्स्यात मिसळत नाही, पानं थेट रस्स्यातच मुरवते. पाण्यातला चहा आणि रस्स्यातला चहा यांत जो फरक पडतो, त्यातच या पदार्थाची सगळी गोडी आहे.

आधी रस्सा. मांसाच्या तुकड्यांवर इथे भागत नाही. पाठीची हाडं, माना, पंख आणि चार-सहा पंजे घ्यावेत. पंजे चिकनवाल्याकडे वेगळे मागून घ्यावे लागतात, पण रस्स्याला अंग येतं ते त्यांच्यामुळेच. दीड किलो हाडं गार पाण्यात घालून एक उकळी काढायची, वर येणारा करडा फेस पाण्यासकट ओतून द्यायचा, हाडं धुवायची आणि अडीच लिटर नव्या पाण्यात पुन्हा चढवायची. सोबत आल्याच्या चार चकत्या आणि पातीच्या कांद्याचे पांढरे देठ. हळद नाही, लसूण नाही, मिरी नाही. मग तीन तास आच इतकी मंद, की पातेल्याच्या कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा आणि मध्ये पाणी नुसतं हलावं. खळखळ उकळलं तर चरबी फुटून पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधाळ होतो. एरवी दुधाळ रस्साही चांगलाच लागतो, पण चहाला तो चालत नाही. कोल्हापूरकडे तांबड्या-पांढऱ्या रस्स्याआधी जो अळणी रस्सा वाढतात, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना जो आधी देतात, त्याची समज ज्याला आहे त्याला हा संयम वेगळा शिकवावा लागणार नाही.

गाळलेला रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी वर चरबीची पिवळी पापडी धरलेली असते, ती काढून टाकायची. खाली जे उरतं ते पातेलं हलवलं की खरवसासारखं थरथरतं. ही थरथर म्हणजे जिलेटिन. कातडी, कुर्च्या आणि पंज्यांतल्या कोलॅजनचं तीन तासांत झालेलं रूप. हे लक्षात ठेवायचं, कारण चहाची गाठ पडणार आहे ती याच्याशी.

चहा कोणता घालायचा, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारलाच नाही. घरातली रोजची सीटीसी पावडर दोन चमचे घातली आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर सोनेरी रस्सा मळकट तपकिरी झाला होता. चमच्यात घेतला तर त्यात बारीक कण तरंगत होते, दूध नासल्यासारखे. चवीला कडू आणि वर ओशट. तीन तासांचं काम पाच मिनिटांत गेलं, याची हळहळ आजही वाटते. पण ते कण काय होते, हे शोधताना मला हा पदार्थ समजला.

आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा करतात. तो औषधात जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं; चामडं कमावायलाही तो वापरतात, हे तितकं ठाऊक नसतं. बाभळीच्या सालीचंही तेच. हिरड्यात आणि सालीत जे टॅनिन असतं ते कातड्यातल्या कोलॅजनला धरतं, आवळतं आणि कातडं न कुजणारं होतं. आपल्या तोंडात हिरडा किंवा कच्चं केळं जे करतं तेही याच्याच जवळचं. लाळेतली जी प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात, त्यांना तुरट रस धरून ठेवतो आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. चहाच्या पानातही अशीच तुरट द्रव्यं असतात. आता ती पानं जिलेटिनने भरलेल्या रस्स्यात पडली की काय होईल? लाळेपर्यंत पोचण्याआधीच त्यांना जिलेटिन भेटतं आणि दोघं एकमेकांना धरतात. सीटीसीत पानं चुरडून, फाडून, दाणेदार केलेली असतात, म्हणून सगळा तुरट अर्क एकदम बाहेर येतो. दूध घालून प्यायच्या चहाला हेच हवं असतं. दुधातली प्रथिनं तो जोर पेलतात. माझ्या पातेल्यात मात्र जोर इतका होता की दोघांच्या गाठी होऊन त्या तरंगू लागल्या.

म्हणजे चहा घालायचा तो रस्स्याला पेलेल इतकाच. तुरटपणाचा मोठा वाटा जिलेटिनने पातेल्यातच सोसायचा आणि एक लहानसा वाटा जिभेपर्यंत येऊ द्यायचा. तो लहान वाटाच सगळं काम करतो. 2012 साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. लोकांना चरबीदार सुकवलेलं मांस आणि हलका तुरट चहा आलटून पालटून दिला, तर ओशटपणा आणि तुरटपणा एकमेकांना तोलून धरतात असं दिसलं. पाण्याने तसं होत नव्हतं. आणि तुरटपणा एका घोटात येत नव्हता, घोटांगणिक चढत होता. रस्स्याचं नेमकं उलट आहे, त्याचा ओशटपणा घोटांगणिक चढतो. दोन्ही चढ एकाच वाटीत एकमेकांसमोर आले, तर शेवटचा घोट पहिल्याइतकाच मोकळा लागणार.

या जागी आपली भाषा मला फार उपयोगी पडते. षड्रसांत आपण तुरटाला पहिल्यापासून मानाची जागा दिली. गोडाच्या आणि आंबटाच्या पंगतीत तो बरोबरीने बसतो. आजचं शास्त्र त्याला चव मानायला कचरतं, स्पर्श म्हणतं. उलट जपानी माणसाने ज्या चवीला नाव दिलं ती आपल्या सहांत नाही. किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोम्बू या समुद्रशैवालातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी म्हटलं. 1913 साली शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. कोंबडीच्या मांसात इनोसिनेट भरपूर. हिरव्या चहाच्या पानात ग्लुटामेट असतं आणि त्याचंच भावंड म्हणावं असं थिअनिनही, जे 1949 साली ग्योकुरो चहातून वेगळं काढलं गेलं. ग्योकुरोच्या झुडपांवर तोडणीआधी वीसेक दिवस सावली धरतात, कारण उन्हात हेच थिअनिन तुरट द्रव्यांकडे वळतं. सावलीतलं पान गोडसर राहतं, उन्हातलं तुरट होतं. रस्स्यात चहा घालणं म्हणजे आपण नाव दिलेली एक चव आणि आपण नाव न दिलेली एक चव यांना एका भांड्यात बसवणं आहे, असं मला वाटतं.

सगळा विचार करून मी गेनमाइचावर स्थिरावले. हिरवी पानं, त्यांत भाजलेले तांदूळ आणि मधूनच फुटलेली एखादी पांढरी लाही. डबा उघडला की जो वास येतो तो मराठी नाकाला अनोळखी नाही. आजाऱ्यासाठी तांदूळ कोरडे भाजून पेज करतात, त्या वेळी कढईतून येतो तोच. निम्मा भाग तांदळाचा असल्याने तुरटपणाही आपोआप निम्म्यावर येतो. एक लिटर रस्सा उकळीपर्यंत तापवावा, गॅस बंद करावा आणि तीन-चार मिनिटं थांबावं. वाफ जोरात उसळायची थांबून संथ वर जाऊ लागली की साधारण 80-85 अंश झाले. मग दोन मोठे चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम पानं टाकून झाकण ठेवायचं. दोन मिनिटं. तिसरं मिनिट मी कधी होऊ देत नाही. मलमलच्या फडक्यातून गाळायचं, पण फडकं पिळायचं नाही. पिळलं की पानांनी धरून ठेवलेला कडवटपणा खाली येतो. मीठ सगळ्यात शेवटी. मीठ कडूपणाला मागे सारतं, त्यामुळे आधी घातलं तर चहा किती उतरला याचा अंदाज चुकतो. यानंतर रस्सा पुन्हा उकळायचा नाही.

तयार रस्सा पांढऱ्या वाटीत ओतून पाहावा. सोनेरीत हिरव्याची छटा येते, आणि काचेसारखा असलेला रस्सा किंचित धुकट होतो. मला ते धुकं आवडतं. टॅनिन आणि जिलेटिनची भेट झाली, याची ती खूण आहे. नाकाशी आधी भाजलेला तांदूळ येतो, मग कोंबडी. जिभेवर क्रम उलटतो: पहिल्यांदा कोंबडीचा भरदार गोडवा, मध्ये आल्याची पुसट ऊब, आणि गिळताना जिभेच्या कडांवर हिरवी, कोवळ्या पानाची तुरट रेघ. ती रेघ आली की घोट संपला. ओठ सुटे होतात.

होजिचाही चांगला, विशेषतः रात्री. भाजलेल्या पानांत तुरट द्रव्यं कमी, कॅफिनही कमी. रस्सा तपकिरी आणि खमंग होतो, पण त्या रेघेत हिरवेपणा नसतो. फुजियानच्या वुयी डोंगरातला पाइनच्या धुरावर सुकवलेला लापसांग सूचोंग मी एकदाच घालून पाहिला. धुराने कोंबडी झाकून टाकली. आजाऱ्यासाठी तो नको. आपला गवती चहा घालावा असं अनेकांच्या मनात येईल. तो सुगंध देईल, पण नावात चहा असला तरी ते गवत आहे. त्यात चहाच्या पानाची तुरट रेघ नाही, आणि ती रेघ नसेल तर हा पदार्थ साधा रस्साच राहतो.

चहात मीठ आणि कोंबडी ही कल्पना ज्यांना विचित्र वाटते, त्यांनी लदाखचा लोणी-मिठाचा गुरगुर चहा आठवावा. त्याहून मागे गेलं तर चहा हा सूपासारखाच पदार्थ होता. आठव्या शतकात लू यू यांनी चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्या काळी चीनमध्ये पानं कांद्याची पात, आलं, खजुरासारखी फळं, संत्र्याची साल, पुदिना यांच्यासोबत उकळत असत. लू यूंना ते गटारात ओतायच्या पाण्यासारखं वाटे. मीठ मात्र त्यांनी राहू दिलं. पिण्याच्या चहापुरता त्यांचा राग मला समजतो. आलं आणि पात यांना चहात नव्हे, रस्स्यात जागा आहे, आणि चहाने त्या रस्स्यात पाहुणा म्हणून यावं, इतकंच मला म्हणायचं आहे.

मुरवलेला रस्सा नुसता पिता येतो, पण मी तो भातावर ओतते. गार झालेला, मऊ पण सुटा भात, वर हाडांवरून सोडवलेले कोंबडीचे धागे, चिमूटभर भाजलेले तीळ. रस्सा भाताच्या निम्म्यापर्यंतच. चाझुके ही जेवणाच्या शेवटाची, रात्र संपतानाची गोष्ट आहे. क्योतोत तिला बुबुझुके म्हणतात, आणि यजमानाने ‘बुबुझुके घेणार का’ असं विचारलं की पाहुण्याने उठावं, असा तिथला सांगून न सांगितलेला संकेत प्रसिद्ध आहे. यासुजिरो ओझू यांनी 1952 साली या पदार्थाच्या नावाचाच चित्रपट केला. त्यात नवऱ्याच्या साध्या खाण्यापिण्याला कमी लेखणारी श्रीमंताघरची बायको आहे. परदेशी निघालेलं त्याचं विमान बिघाडामुळे परत येतं, रात्री तो अचानक दारात उभा राहतो. मोलकरीण झोपलेली. दोघं स्वयंपाकघरात शिरतात आणि तिला स्वतःच्याच घरात भात कुठे, लोणचं कुठे हे सापडत नाही. शोधाशोध करून ती दोघं भातावर चहा ओतून खातात आणि दोघांमधला दुरावा तिथे मिटतो. ओझूंनी मेजवानी न निवडता हा पदार्थ का निवडला, ते मला वाटी हातात घेतल्यावर कळलं. यात लपवायला मसाला नाही.

गेल्या पावसाळ्यात आई आठ दिवस तापाने पडून होती. ताप उतरला, पण तोंडाला चव नव्हती. मुगाचं कढण तिने दोन चमच्यांवर सोडलं, नेहमीचं चिकन सूप पहिल्या घोटाला बाजूला सारलं. ‘तोंड आणखी चिकट होतं गं,’ म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी हा रस्सा केला. चहाचं तिला सांगितलं नाही. तिने वाटी दोन्ही हातांत धरली, आधी वास घेतला, मग एक घोट घेतला आणि तोंडात क्षणभर घोळवला.

‘तांदूळ भाजलेस का?’

‘हो,’ मी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

दुसऱ्या घोटानंतर तिने जीभ टाळूवरून फिरवून पाहिली. ‘आणि तुरट काय घातलंस? गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसं तोंड निवळलं बघ.’ मग तिने वाटीतला भात चमच्याने सारखा केला आणि म्हणाली, ‘अजून असेल तर थोडा ओत.’