आधी कान, मग कॅमेरा

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा आपण आधी काय आणलं? कॅमेरा अन् रिंग लाइट! मास्तरांचा चेहरा उजळला. पोरांचा आवाज काही आला नाही. आमचा आक्षेप या निवडीवर आहे.

विट्यात यंत्रमागांचा खडखडाट घरात शिरतो. इथे पहिला खर्च कॉलर माइकचा. माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला, की बोलण्याची तीव्रता साधारण चौपट होते; मागाचा आवाज आहे तेवढाच राहतो. हाच नियम मुलालाही लागू. म्हणून दुसरा खर्च त्याच्या माइकवाल्या इअरफोनचा. फोन वहीवर रोखायला स्टँड नसला, तर पुस्तकांची चळत चालेल.

प्लेटोने 'फीड्रस'मध्ये लिखित शब्दाला दोष दिला : त्याला काहीही विचारा, तो तेच ते सांगतो. रेकॉर्ड केलेला तास आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उपयोगी खरे, पण दोष तोच.

गलाईच्या धंद्यापायी परराज्यात गेलेल्या घरातलं पोर इथल्या मास्तरांकडे शिकत असेल, तर त्याचं "सर, कळलं नाही" इथवर पोचलं पाहिजे. ते पोचत नसेल, तर आपण शिकवतो कुणाला?