छडी आणि आकडी

आमच्या घरच्या बायबलात नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातील चोविसाव्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती माझ्या वडिलांनी मारलेली. ते रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत आणि आम्हा भावंडांना शिक्षा करण्यापूर्वी हे वचन वाचून दाखवत. छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी असतो, असा त्याचा आशय. मग लाकडी पट्टीचे दोन-तीन फटके आणि त्यानंतर प्रार्थना. रागाच्या भरात त्यांनी कधी हात उगारल्याचे मला आठवत नाही. पुष्कळ वर्षे मला हा त्यांचा मोठेपणा वाटत होता.

त्या वचनातील मूळ हिब्रू शब्द ‘शेवेट’. दावीदाच्या तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हाती जी वस्तू आहे तीही शेवेटच. आपल्या प्रचलित मराठी बायबलात स्तोत्रातल्या शेवेटची ‘आकडी’ झाली आणि नीतिसूत्रांतल्या शेवेटची ‘छडी’. आकडी म्हटले की धनगराच्या खांद्यावरची काठी दिसते. छडी म्हटले की मास्तर दिसतात. एकच शब्द मराठीत येताना दोन वाटांनी गेला, आणि मराठी ख्रिस्ती मुलाला दफनविधीच्या वेळी आकडी भेटली, घरात छडी.

हा फरक प्रथम ध्यानात आला तेव्हा मला मोठा शोध लागल्यासारखे वाटले. पुढे कळले की हा युक्तिवाद पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुळलेला आहे. मेंढपाळ काठीने मेंढरांना मारत नाही, वाट दाखवतो. म्हणून नीतिसूत्रांतली छडीही मार्गदर्शनाचे केवळ प्रतीक आहे, असे मुलांना मारण्याच्या विरोधात असलेले अनेक भाविक सांगतात. त्यांचा हेतू मला मान्य आहे, वाचन मान्य नाही. तेविसाव्या अध्यायातील तेरावे-चौदावे वचन मुलाला छडीने मारण्याविषयी उघडपणे बोलते, वर त्याने तो मरणार नाही असा दिलासाही देते. सव्विसाव्या अध्यायात हीच काठी मूर्खाच्या पाठीसाठी आहे. ग्रंथ जे म्हणतो ते त्याने म्हटलेच नाही असे दाखवून मुलांचे रक्षण होत नाही. समोरचा माणूस ती वचने उघडून दाखवतो आणि वाद तिथेच संपतो.

याहून कठीण पण प्रामाणिक वाट कॅनडातील अभ्यासक विल्यम वेब यांनी २०११ मध्ये बायबलातील शारीरिक शिक्षेवरच्या आपल्या पुस्तकात धरली. ते मजकूर सौम्य करत नाहीत. छडीच्या समर्थकांना ते एवढेच विचारतात की तुम्ही तरी हा मजकूर पाळता का? आजचे समर्थक म्हणतात : फटके एक किंवा दोन, तेही फक्त बसायच्या जागी, वळ उठता कामा नये, आणि मूल मोठे झाले की बंद. यातली एकही मर्यादा नीतिसूत्रांत नाही. तिथे पाठ आहे, आणि विसाव्या अध्यायात जखमांनी अंतःकरण स्वच्छ होते अशी भाषा आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मालक ज्याने दासाला मारतो तेही शेवेटच. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी व बंडखोर मुलाला गावाने दगडमार करावा असे विधान आहे. दास गेले, दगडमार गेला, पाठीवरचे वळ गेले. म्हणजे सगळेच वाचक मजकुरापासून पुढे चालत आलेले आहेत. छडीचा समर्थक फक्त आपण जिथे थांबलो त्या जागेला देवाची आज्ञा म्हणतो. माझ्या वडिलांची पट्टीसुद्धा वचनातून आलेली नव्हती. ती शाळेतून आली होती, तिला वचन नंतर सापडले.

इंग्रजीत जी म्हण बायबलची म्हणून सर्रास सांगितली जाते, छडी वाचवली तर पोर बिघडते, ती त्या रूपात बायबलात नाहीच. ती सॅम्युअल बटलरच्या ‘हुडिब्रास’ या सतराव्या शतकातील विडंबनकाव्यातून रूढ झाली, आणि तिथे प्रसंग आहे एका विधवेने आपल्यामागे लागलेल्या सरदाराला स्वतःलाच फटके मारून घ्यायला सांगण्याचा! चावट कवितेतली ओळ व्यासपीठावर जाऊन बसली, याची मौज वाटते.

मौज मात्र इथवरच. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याची आई सुझाना हिने १७३२ मध्ये मुलाला पत्र लिहून आपली बालसंगोपनाची पद्धत कळवली. ते पत्र वेस्लीने पुढे आपल्या रोजनिशीत छापले. वर्षाचे होताच, कधी त्याआधीच, मूल छडीला भिऊ लागले पाहिजे आणि हळू आवाजात रडायला शिकले पाहिजे, असे ती लिहिते. मुलाची इच्छाशक्ती लवकर मोडणे हा तिच्या मते धर्मशिक्षणाचा पाया. त्याच पत्रात तिचे इतरही नियम आहेत : चूक कबूल करून सुधारण्याचे वचन देणाऱ्याला मारायचे नाही, आणि एका चुकीबद्दल दोनदा बोलायचेही नाही. ती क्रूर बाई नव्हती. त्या काळाच्या मानाने न्यायी होती. पण हळू आवाजात रडणे हा तपशील मला सोडत नाही. घर शांत राहावे हा त्यामागचा हेतू. रडणे ऐकू आले नाही तर शेजारी येणार कसा?

अमेरिकन इतिहासकार फिलिप ग्रेव्हन यांनी या परंपरेवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. शिक्षा आणि अत्याचार यांच्यात समर्थक जी भिंत उभी करतात, ती त्यांना मान्य नाही. मारण्याची तीव्रता बदलते, मुलाला मिळणारा धडा तोच राहतो, असा त्यांचा रोख आहे. ग्रेव्हन सुझानापासून थेट विसाव्या शतकापर्यंत सरळ रेघ ओढतात, ती मला फार सरळ वाटते. भिंतीविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र पटते. त्याला पुरावा पुढे आलाच. मायकेल आणि डेबी पर्ल या दांपत्याचे मुलांना वळण लावण्यावरचे पुस्तक १९९४ मध्ये निघाले आणि लाखोंनी खपले. आमिश लोक खेचरांना शिकवतात त्या तत्त्वांवर मुलांना घडवण्याची आणि नळजोडणीच्या लवचीक नळीने फटके देण्याची शिफारस त्यात आहे. २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात, २०१० मध्ये कॅलिफोर्नियात आणि २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यात दत्तक घेतलेले एकेक मूल आईवडिलांच्या छळाने मेले. तिन्ही घरांच्या संदर्भात या पुस्तकाचे किंवा त्याच्या शिकवणीचे नाव पुढे आले. लेखकांनी जबाबदारी नाकारली. आपण इजा करायला सांगितलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकाने खून केला असे मीही म्हणत नाही. पण मूल शरण येईपर्यंत माघार घ्यायची नाही असे ज्याला पटवले आहे, त्याने थांबायचे कुठे हे पुस्तकात कुठे आहे?

त्या पुस्तकाचे शीर्षक नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातील सहाव्या वचनातून घेतले आहे. तिथले हिब्रू क्रियापद ‘हानख’ नवे घर किंवा मंदिर अर्पण करण्यासाठी वापरले जाते. हनुक्का सणाचे नाव त्याच धातूचे. खेचराशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी परंपराही जुनीच आहे, ती आपल्या व्यासपीठांवरून क्वचित ऐकू येते. संत ऑगस्टीन ‘कबुलीजबाबा’त सांगतो की शाळेत मार बसू नये म्हणून तो लहानपणी देवाची प्रार्थना करी आणि मोठी माणसे, आईवडीलसुद्धा, त्याच्या वळांवर हसत. (याच ऑगस्टीनने म्हातारपणी कुटुंबप्रमुखाला फटक्यांची मुभा दिली, हेही नोंदवले पाहिजे.) अकराव्या शतकातील अन्सेल्मकडे एका मठाधिपतीने गाऱ्हाणे केले, की आम्ही मुलांना दिवसरात्र मारतो तरी ती बिघडतच जातात. अन्सेल्मने विचारले, रोप लावून त्याला चहूबाजूंनी असे कोंडले की फांदी पसरायला जागाच नाही, तर वर्षांनी कसले झाड हाती येईल? पौलाच्या पत्रांत तर बापांना स्पष्ट बजावले आहे, की मुलांना चिडवू नका, ती खचतील. वडिलांच्या बायबलात इफिसकरांस पत्राच्या त्या पानावर रेघ नाही.

इंग्लंडमध्ये काही ख्रिस्ती शाळा आणि पालक छडीचा हक्क धर्मस्वातंत्र्यात मोडतो म्हणून न्यायालयात गेले. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचे अपील फेटाळले. त्या निकालात न्यायमूर्ती ब्रेंडा हेल यांनी एक नोंद केली : खटला मुलांविषयी आहे, पण मुलांच्या वतीने बोलायला कोणत्याच टप्प्यावर कोणी उभे नव्हते. याउलट स्कॉटलंडमध्ये घरातली मारहाणही बंद करणारा कायदा २०१९ मध्ये संमत झाला, तेव्हा चर्च ऑफ स्कॉटलंडने त्याला पाठिंबा दिला. महाराष्ट्रात शाळा काढणाऱ्या मिशनऱ्यांत स्कॉटिश प्रेस्बिटेरियन होते. त्यांच्या मायभूमीतील चर्चने छडी खाली ठेवली. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध झाला. घराच्या उंबऱ्याआत ते कलम जात नाही.

त्या उंबऱ्याआत काय होते, ते मी माझ्यापुरते सांगतो. रागाने मारणारा बाप चुकला असे मुलाला म्हणता येते. कधीतरी बापही म्हणतो. शांतपणे, वचन वाचून मारणाऱ्या बापाविरुद्ध मुलाकडे शब्दच उरत नाही, कारण फटका हेच प्रेम असे त्याला शिकवलेले असते. मी अकरा वर्षांचा असताना ओळखीतल्या एका मोठ्या माणसाने मला दुखावले, आणि ते छडीचे दुखणे नव्हते. मी घरी सांगितले नाही. मोठ्यांनी केलेले आपल्या भल्याचेच असते, हे मला तोंडपाठ होते, आणि हळू आवाजात रडायलाही येत होते.

वडिलांना हे मी त्यांच्या अखेरच्या आजारपणात सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बायबल मागितले, इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढायला सांगितला आणि पेन्सिल कुठे आहे असे विचारले. पेन्सिल काही सापडली नाही.