बाजरीतले लोह आणि रक्तातले लोह

‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणाविषयी बहुधा एकच आकडा सांगितला जातो : किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह. आकडा खरा आहे. इक्रिसॅटने जुन्या आयसीटीपी ८२०३ वाणातूनच लोहाने सरस झाडे निवडून ते तयार केले. महाराष्ट्रात ते २०१२ साली प्रसारित झाले. आमचा आक्षेप आहे तो सांगणे तिथेच थांबते याला.

दाण्यातले सगळे लोह रक्तात उतरत नाही. बाजरीतील फायटिक आम्ल ते धरून ठेवते. दहा भागांतला जेमतेम एक भाग, कधी त्याहूनही कमी, शोषला जातो. भाकरीसाठी दीडशे ग्रॅम पीठ धरले तर लोह भरते साडेदहा मिलिग्रॅम. अंगी लागते फार तर एक. (हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) सोबत लिंबू असेल तर शोषण वाढते, वर लगेच चहा घेतला तर घटते.

तरी हे काम वाया गेलेले नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील १२ ते १६ वयाच्या मुलांना लोहसमृद्ध बाजरी खायला दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढला, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. पण तिथे ती बाजरी थेट ताटात येत होती. बाजारात ती डोळ्यांनी ओळखू येत नाही, मग तिला वेगळा भाव कोण देणार? शेतकरी उतारा पाहून संकरित बियाणे घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणूनच २०१८ मध्ये बाजरीच्या नव्या वाणांना, संकरितांनाही, किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोहाची अट घातली गेली, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. प्रचारपत्रकांत मात्र ७१ च झळकतो.