राक्षस, दैत्य की जनावर? : जपानी 'काइजू' चित्रपटांच्या मराठी नामकरणाविषयी

जपानी भाषेतील 'काइजू' हा शब्द सामासिक आहे. 'काइ' म्हणजे विलक्षण, गूढ. 'जू' म्हणजे पशू. १९५४ नंतर ह्या शब्दाने मुख्यतः चित्रपटांतील व दूरचित्रवाणीवरील प्रचंडकाय प्राण्यांचा बोध होऊ लागला. हे प्राणी ज्या तंत्राने पडद्यावर उभे केले जातात, त्यास 'तोकुसात्सु', म्हणजे विशेष छायाचित्रण, असे म्हणतात. मराठीत ह्या प्राण्यांना सर्रास 'राक्षस' म्हटले जाते, क्वचित 'दैत्य'ही. शब्द सोयीचा आहे. परंतु तो योग्य नाही, आणि हा केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय नव्हे. ह्या एका शब्दामुळे चित्रपटाचा अर्थच पालटतो.

मराठी मनातील राक्षस हा आधी बोलणारा आहे, मग आकाराने मोठा. त्याला कुळ आहे, नाव आहे, तप आहे आणि वर मागण्याइतके भाषाप्रभुत्व आहे. हिरण्यकशिपूने मागितलेला वर हा वस्तुतः एक काटेकोर शब्दबद्ध करार होता. दिवस नव्हे, रात्र नव्हे, घरात नव्हे, बाहेर नव्हे, ह्या शब्दांच्या फटीतूनच त्याचा मृत्यू आला. राक्षसाचा वध हा पुष्कळदा शब्दार्थाचा प्रश्न असतो. जेजुरीच्या खंडोबाच्या कथेत तर पराभूत दैत्याचे अखेरचे मागणे देवाच्या नावातच जाऊन बसले: मल्लाचा अरी तो मल्लारी, आणि त्याचा मल्हारी. कोकणातील दशावतारात काळ्या वेषातील संकासुर प्रेक्षकांशी मालवणीत हुज्जत घालतो, आणि प्रेक्षक त्याच्या बोलण्याचीच वाट पाहत असतात.

ह्या परंपरेचे एक ठळक स्थान बुलढाणा जिल्ह्यातच आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोणारचे सरोवर म्हणजे बेसाल्ट खडकात उल्काघाताने पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर होय. स्थानिक कथेत ते लवणासुराचे भुयारी घर ठरते. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने पायाच्या अंगठ्याने त्याचे झाकण उडविले. झाकण दूर धाकेफळला जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. दैत्य मारला गेला आणि सरोवराचे पाणी त्याच्या रक्ताचे झाले. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले. पण रक्ताची कथा ज्यांना ठाऊक होती, त्यांना त्या रंगाचे फारसे नवल वाटले नसावे. कथेचा न्याय स्पष्ट आहे. दैत्याने पीडा दिली म्हणून तो मारला गेला. त्याच्या मृत्यूने हिशेब पूर्ण झाला.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या 'गोजिरा' ह्या चित्रपटात नेमका हाच हिशेब पूर्ण होत नाही. तोमोयुकी तानाका निर्माते, इशिरो होन्दा दिग्दर्शक आणि एइजी त्सुबुराया विशेष छायाचित्रणाचे प्रमुख. त्याच वर्षी १ मार्च रोजी बिकिनी बेटावरील अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' ह्या मासेमारी नौकेवर पडली होती. सप्टेंबरमध्ये तिच्या बिनतारी यंत्रचालकाचा मृत्यू झाला. ही घटना प्रेक्षकांच्या मनात ताजी होती. चित्रपटातील पन्नास मीटर उंचीचा प्राणी अशाच चाचण्यांनी समुद्रतळाच्या आपल्या आश्रयातून हुसकला गेलेला आहे. त्याने वर मागितलेला नाही, कोणाचे अपहरण केलेले नाही. तो बोलत नाही. त्याचा आवाजही कोणा प्राण्याचा नव्हे: संगीतकार अकिरा इफुकुबे ह्यांनी कॉन्ट्राबास ह्या तंतुवाद्याची तार सैल करून, राळ लावलेल्या कातडी हातमोज्याने ती घासून तो ध्वनी काढविला. त्या ध्वनीत क्रोध ऐकावा की वेदना, हे चित्रपट सांगत नाही. ह्याच अनिश्चिततेत त्याची थोरवी आहे.

म्हणून त्याच्या मृत्यूला विजयाची कळा येत नाही. सेरिझावा हा शास्त्रज्ञ आपले भयंकर संहारक साधन एकदाच वापरतो, आपली टिपणे जाळतो आणि त्या प्राण्याबरोबर समुद्रतळाशी स्वतःही मरतो. वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ यामाने शोक करतो. 'राक्षस मारला गेला' असे मराठीत लिहिले की हा शोक निराधार होतो. राक्षस मारला गेल्यावर दिवाळी करतात, सुतक पाळत नाहीत. अमेरिकेत १९५६ साली ह्या चित्रपटाचे जे संस्करण निघाले, त्यात रेमंड बर हा नट वार्ताहर म्हणून घुसडण्यात आला. जो प्राणी मुका होता, त्याच्यावर सतत बोलणारा एक भाष्यकार आला, आणि बाँबविषयीचे जपानी बोलणे पुष्कळसे गळाले.

नावाचीही कथा पाहण्यासारखी आहे. 'गोरिरा' (गोरिला) आणि 'कुजिरा' (देवमासा) ह्यांच्या सांध्यातून 'गोजिरा' हे नाव झाले. रोमन लिपीत त्याला 'गॉड' हे अक्षर चिकटले, आणि मराठीत 'गॉडझिला' आला तो त्या मार्गाने. मूळ नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहिले, तर मराठी वाचकासमोर लाडक्या बाळाचे विशेषण उभे राहते! हा योगायोग निव्वळ ध्वनीचा आहे. परंतु पुढच्या वीस वर्षांत तो प्राणी खरोखरच गोजिरा झाला, हे विनोदाने का होईना नोंदले पाहिजे. १९६४ च्या चित्रपटात गोजिरा, रोदान आणि मोसुरा आपसांत वाद घालतात, आणि मोसुराच्या दोन चिमुकल्या सेविका तो वाद माणसांना अनुवादून सांगतात. १९६७ मध्ये त्याला मूल मिळाले. १९७२ मध्ये तर त्याच्या तोंडाशी चित्रकथेतल्याप्रमाणे संवादाचे फुगे आले. काइजूला भाषा मिळाली त्या क्रमाने त्याचे गूढ ओसरले. ह्या काळातील चित्रपट करमणुकीचे आहेत, पण पहिल्या चित्रपटाच्या शेजारी ते उभे राहत नाहीत.

मौनाची शक्ती टिकली ती दूरचित्रवाणीवर. १९६६ साली त्सुबुरायांच्या संस्थेची 'अल्ट्रामॅन' ही ३९ भागांची मालिका सुरू झाली. तिच्या तेविसाव्या भागात जामिला नावाचा काइजू येतो. तो मूळचा माणूस, अंतराळात बेवारस सोडून दिलेला प्रवासी; निर्जल ग्रहावर त्याचे शरीर पालटले आणि वाचा गेली. नायक त्याला पाण्याच्या माऱ्याने ठार करतो, आणि मरताना त्याचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा होतो. लहान मुलांच्या मालिकेत असा प्रसंग योजणे हे धाडसच होते. पस्तिसाव्या भागात मारलेल्या काइजूंसाठी चक्क श्राद्धविधी केला जातो. जनावरांच्या नावे विधी करण्याची रीत जपानात जुनी आहे. तिच्यावाचून हा भाग समजत नाही.

ह्या मालिकांतील नायकही मितभाषी आहे. अल्ट्रामॅन तीन मिनिटे लढतो, आरोळी देतो आणि निघून जातो. १९७१ च्या 'कामेन रायडर'ने 'हेन्शिन' हा शब्द घरोघरी नेला. 'हेन' म्हणजे पालट आणि 'शिन' म्हणजे काया. 'कायापालट' हा मराठी शब्द त्याला अवयवशः जुळतो. 'अवतार' मात्र जुळत नाही, कारण अवतार वरून खाली येतो आणि स्वेच्छेने येतो. कामेन रायडरच्या नायकाचे शरीर शत्रूने त्याच्या इच्छेविरुद्ध बदललेले असते. ह्याच्या शेजारी दूरदर्शनवर १९९७ मध्ये आलेला 'शक्तिमान' ठेवला, म्हणजे भेद कळतो. तो दुष्टांशी वाद करतो आणि भागाच्या अखेरीस मुलांना उपदेशही करतो. त्याची वंशावळ कीर्तनकाराकडे जाते. तत्पूर्वी, १९८० च्या दशकात, दूरदर्शनच्या प्रेक्षकांनी 'जायंट रोबोट' पाहिला होता. मूळ जपानी मालिका १९६७-६८ ची. एका मुलाच्या आवाजाची आज्ञा पाळणारा तो मुका यंत्रपुरुष शेवटच्या भागात प्रथमच आज्ञा मोडतो आणि स्वतःचा नाश ओढवून घेतो. मुंबईत १९६६ साली 'गोगोला' हा समुद्रातून येणाऱ्या प्राण्याचा हिंदी चित्रपटही निघाला होता. आज त्याच्या गाण्यांपलीकडे फारसे हाती लागत नाही.

मग 'काइजू'साठी मराठी शब्द कोणता? तो कदाचित जिल्ह्याच्या उत्तर भागात मिळेल. संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि अंबाबरवा अभयारण्य त्याच तालुक्यात येते. अरण्याच्या कडेने राहणाऱ्या, किंबहुना बहुतेक ग्रामीण मराठीत 'जनावर' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. गोठ्यातले ते जनावर. आणि रात्री ज्याचे नाव घेऊ नये, तेही जनावर. 'जनावर निघाले' म्हटले की साप समजावा. बोलणारा मुद्दाम नाव टाळतो. भय आणि आदर ह्या दोहोंनी शब्द अर्धा झाकला जातो. ह्या जनावराला पाप लागत नाही. ते माणसावर आले, तर ते का आले, त्याच्या रानात कोण गेले, हा प्रश्न विचारता येतो. राक्षसाच्या बाबतीत तो सहसा विचारला जात नाही.

आक्षेप येईल की 'जनावर' शब्दात आकाराचा बोध नाही आणि तो ओबडधोबड आहे. आकाराचा बोध तर 'काइजू'तही नाही. तो पडद्याने दिला. ओबडधोबडपणाविषयी 'गोजिरा'तील ओदो बेटाचा प्रसंग पुरेसा आहे. तेथे पहिल्या संकटानंतर नाव सांगतो तो गावचा म्हातारा कोळी. तरुण त्याला हसतात. रात्री मुखवटे घालून जुने नृत्य होते. राजधानीतून आलेले विद्वान पुढे ह्या प्राण्याचे युग आणि जाती ठरवितात, परंतु नाव म्हाताऱ्याचेच स्वीकारतात.